कंपनी दुसऱ्या वर्षीही सोबत राहावी म्हणून: नाशिकमधल्या संस्थांसाठी मार्गदर्शन

सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी. नाशिकच्या चहूबाजूंना कारखाने आहेत. त्याच शहरापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर पेठ, हरसूल, सुरगाण्याचे पाडे आहेत, जिथे पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो. मदत करू शकणारे आणि मदतीची गरज असणारे एवढ्या जवळ असलेले जिल्हे महाराष्ट्रात थोडेच असतील. तरीही इथल्या बहुतेक छोट्या सामाजिक संस्थांची गोष्ट एकसारखी असते. एखादी कंपनी एकदा मदत करते, उद्घाटन होतं, पेपरात फोटो येतो आणि पुढच्या वर्षी कुणी फोनही उचलत नाही.

माझ्या मते याचं मुख्य कारण कंपनीच्या आत काय घडतं ते आपण पाहत नाही, हे आहे. कंपनीत तुमच्या बाजूने बोलणारा एक माणूस असतो. तो एचआरमध्ये असेल, सीएसआर (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचं काम) बघत असेल किंवा प्लांट हेड असेल. दरवर्षी त्याला वरच्यांसमोर उभं राहून सांगावं लागतं की या संस्थेला पुन्हा पैसे का द्यायचे. त्या दिवशी त्याच्या हातात पुरेशी आणि खरी माहिती असली, तर नातं टिकतं. खाली जे काही लिहिलं आहे, ते सगळं त्या एका दिवसाची तयारी आहे.

पैसा कुठून येणार, ते आधी ओळखा

‘कंपनीची मदत’ या एका शब्दाखाली तीन वेगळे खिसे असतात.

पहिला सीएसआरचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, आधीच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीची नेटवर्थ (निव्वळ मालमत्ता) ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ही रक्कम कायद्याच्या सातव्या अनुसूचीत बसणाऱ्या कामांवरच खर्च होते आणि स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं, असं कायदाच सांगतो. सातपूरचा कारखाना पेठमध्ये काम करतो तेव्हा हा मुद्दा तुमच्या बाजूचा असतो.

दुसरा खिसा मार्केटिंगचा. नाट्यमहोत्सव, मॅरेथॉन, व्याख्यानमाला, गणेशोत्सव यांना मिळणारी स्पॉन्सरशिप इथून येते. आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरता येत नाही. त्यामुळे कार्यक्रमाच्या बॅनरसाठी सीएसआर विभागाचं दार ठोठावू नका. तिथे नकार मिळतो आणि पुढच्या, योग्य मागणीची वाटही बंद होते.

तिसरा खिसा मालकाचा स्वतःचा. अंबड-सातपूरमध्ये शेकडो छोटे उद्योजक आहेत. कलम १३५ त्यांना लागू होत नाही, पण त्यांचा निर्णय दहा मिनिटांत होतो. त्यांच्याकडे पैसा कमी असेल, पण वेल्डर आहे, टेम्पो आहे, फॅब्रिकेशनचं शेड आहे. पाण्याच्या टाकीचा स्टँड बाजारातून विकत घेण्याऐवजी अशा एखाद्या युनिटमध्ये बनवून मिळाला, तर तो उद्योजक त्या टाकीकडे कायम आपली म्हणून बघतो. मोठ्या कंपन्यांमागे धावताना संस्था या लोकांना विसरतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

जाता जाता जीएसटीचं सांगते, कारण त्यावर नेहमी गोंधळ होतो. ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, देणगीदाराबद्दल कृतज्ञता म्हणून धर्मादाय संस्थेने नुसती नावाची पाटी लावली आणि त्यात धंद्याची जाहिरात नसली, तर त्या देणगीवर जीएसटी लागत नाही. पाटीवर उत्पादनाची जाहिरात आली की प्रकरण बदलतं. मजकूर ठरवतानाच सीएंना दाखवा.

कागद आधी, फोन नंतर

हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून थोडक्यात. धर्मादाय आयुक्त कार्यालयातलं नोंदणी प्रमाणपत्र, घटना, पॅन, आयकर सवलतीच्या नोंदण्या (१२ए, ८०जी), सीएसआर-१ चा (सीएसआरचं काम राबवणाऱ्या संस्थेने सरकारकडे करायच्या नोंदणीचा) क्रमांक, दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलचा क्रमांक, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि आयकर विवरणपत्रं, रद्द केलेला चेक. सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणीशिवाय संस्थेला सीएसआरचा निधी राबवता येत नाही, आणि बाहेरच्या संस्थेला त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभवही लागतो.

अडतं ते बहुतेक वेळा विश्वस्तांच्या यादीवर. विश्वस्त बदललेले असतात, पण तो बदल धर्मादाय कार्यालयाला कळवणारा चेंज रिपोर्ट दाखलच झालेला नसतो किंवा प्रलंबित असतो. कंपनीचा लीगल विभाग शेड्यूल-१ चा (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा) उतारा मागतो आणि त्यावर पंधरा वर्षांपूर्वीची नावं निघतात. बदल झाल्यापासून ९० दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो. राहून गेला असेल तर आजच वकिलांना फोन करा. हे काम ऐनवेळी होत नाही.

कोणाकडे जायचं?

पन्नास कंपन्यांना एकच ईमेल पाठवणं हा वेळेचा अपव्यय आहे. पाच कंपन्या निवडा आणि त्यांच्याबद्दल नीट वाचा. सीएसआर लागू असलेल्या कंपनीला आपलं धोरण आणि मंजूर प्रकल्प वेबसाइटवर टाकावे लागतात. वार्षिक अहवालात सीएसआरचं स्वतंत्र परिशिष्ट असतं. कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या कामावर, किती रुपये आणि कोणत्या संस्थेमार्फत खर्च झाले, याचा हिशेब काही कंपन्या तिथे देतात. सरकारच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवरही कंपनीनिहाय माहिती आहे.

हे वाचताना दोन गोष्टी शोधा. त्या कंपनीने नाशिक जिल्ह्यात आधी काम केलंय का? आणि एकाच संस्थेबरोबर ती सलग दोन-तीन वर्षं राहिली आहे का? दरवर्षी नवी संस्था घेणाऱ्या कंपनीकडून दीर्घ साथीची अपेक्षा ठेवू नका.

निर्णय कुठे होतो, तेही विचारून घ्या. नाशिकमधल्या बऱ्याच मोठ्या कारखान्यांची मुख्यालयं मुंबई, पुणे किंवा बंगळुरूला आहेत. प्लांट शिफारस करतो, मंजुरी वरून येते. अशा ठिकाणी तुमचा प्रस्ताव तुम्ही समोर नसताना, तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाला वाचून समजला पाहिजे. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांच्या कार्यक्रमांना जात राहा. ओळखी तिथे होतात, आणि मागायला न जाता नुसतं ऐकायला गेलात तर जास्त चांगल्या होतात.

पहिली भेट

पहिल्या भेटीत पैसे मागू नका, असं मी प्रत्येकाला सांगते. वीस मिनिटं मागा आणि त्यातली बारा मिनिटं समोरच्याला बोलू द्या. विचारण्यासारखं खूप असतं: ‘सर, मागच्या वर्षीच्या कामात तुम्हाला कशाचं समाधान वाटलं? कुठे त्रास झाला?’ या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे सोनं आहे. ‘मॅडम, बिलंच वेळेवर आली नाहीत हो, ऑडिटरने माझं डोकं खाल्लं,’ असं कुणी म्हणालं, तर पुढची दोन वर्षं बिलं वेळेवर देणारी संस्था म्हणून तुमची ओळख झाली पाहिजे.

प्रस्ताव आणि बजेट

प्रस्ताव चार पानांचा पुरे. गरज काय, कुठल्या गावात, काय करणार, किती खर्च, काय बदललं हे कसं मोजणार आणि आपण निघून गेल्यावर ते कोण सांभाळणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक प्रस्तावांत नसतं, आणि अनुभवी अधिकारी आधी तेच शोधतो.

समजा, पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर विहिरीतून सौरपंपाने पाणी उचलून टाकीत आणायचं आहे. बजेटमध्ये पंप, पॅनल, पाइप, टाकी, चौथरा, वाहतूक, मजुरी हे सगळे लिहितात. त्याबरोबर हेही लिहा: पाणी समितीच्या बैठका आणि प्रशिक्षण, प्रकल्प समन्वयकाचा वर्षभराचा पगार, त्याचा पेट्रोल खर्च, दोन वर्षांची देखभाल. ‘पगार आम्ही देत नाही, कायद्यात ५ टक्क्यांची मर्यादा आहे,’ असं उत्तर अनेकदा येतं. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापन खर्चावर आहे. विशिष्ट प्रकल्पाच्या आखणी, अंमलबजावणी आणि देखरेखीवर थेट होणारा खर्च त्यात मोजला जात नाही, असं नियमांतच लिहिलेलं आहे. शांतपणे, नियम दाखवून सांगा. समन्वयकाचा पगार लपवून दुसऱ्या कुठल्या तरी रकान्यात घालू नका. ते उघडं पडतं आणि विश्वास कायमचा जातो.

मालमत्ता कोणाच्या नावावर राहणार, तेही प्रस्तावातच हवं. सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत संस्थेकडे, लाभार्थींच्या गटाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे जाते. टाकीच्या बाबतीत ग्रामपंचायतीचा ठराव आधी घ्या. जागेचं संमतिपत्रही घ्या, कारण चौथरा बांधून झाल्यावर ‘ही जागा माझी आहे’ म्हणणारा माणूस प्रत्येक गावात असतो.

वर्षाचं गणित: ३१ मार्च आणि मे महिना

या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे, कारण पाण्याच्या कामात नाती इथेच तुटतात.

कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. पेठ-सुरगाण्यातल्या विहिरी आटायला लागतात त्याच सुमारास. म्हणजे तुमच्या कामाचा खरा कस एप्रिल-मेमध्ये लागतो, पण कंपनीला अहवाल मार्चअखेर हवा असतो. मार्चमध्ये तुम्ही काय दाखवणार? चकाचक टाकी आणि रंगवलेला चौथरा. त्यातून काही सिद्ध होत नाही. वरच्या अधिकाऱ्याला वाटतं, झालं काम, आता दुसरीकडे बघू.

यावर उपाय दोन. काम सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात मोजणी करून ठेवा: एका घरातली बाई दिवसाला किती खेपा करते, एका खेपेला किती वेळ लागतो, टँकर आला तर कधी आला. ही मोजणी सप्टेंबरमध्ये केली तर काहीच हाती लागत नाही, कारण तेव्हा दारात पाणी असतं. आणि कंपनीला पहिल्याच दिवशी सांगा की खरा अहवाल जूनच्या पहिल्या आठवड्यात येईल. मार्चमध्ये फक्त खर्चाचा आणि बांधकामाचा येईल.

दुसरा उपाय कायद्यातच आहे. कंपनीचं संचालक मंडळ एखाद्या कामाला ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजुरी देऊ शकतं. सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालू शकतो. न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत कंपनीच्या वेगळ्या ‘अनस्पेंट’ खात्यात जाते आणि तीन वर्षांत त्याच कामावर वापरता येते. प्रकल्प ‘चालू’ नसेल तर न खर्चलेली रक्कम सहा महिन्यांत अनुसूचीत दिलेल्या सरकारी निधीत जमा करावी लागते. म्हणून प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर ‘हा तीन वर्षांचा प्रकल्प आहे’ असं लिहा आणि वर्षनिहाय रक्कम वेगळी दाखवा. एकेका वर्षाचा प्रस्ताव देऊन नंतर दीर्घ साथीची अपेक्षा करणं कंपनीवरही अन्याय आहे.

करार

करारात हप्ते कधी आणि कशावर मिळणार, हे स्पष्ट हवं. शेवटचा हप्ता काम पूर्ण झाल्यावर मिळणार असेल, तर तेवढे दिवस दुकानदाराचे पैसे कुठून देणार, याचा विचार सही करण्याआधी करा. कंपनीच्या सीएफओला (मुख्य वित्त अधिकाऱ्याला) पैसे मंजूर कामावरच वापरल्याचं प्रमाणित करावं लागतं, त्यामुळे प्रकल्पाचं स्वतंत्र खाते किंवा निदान स्वतंत्र लेजर ठेवा. प्रत्येक बिल संस्थेच्या नावावर, तारखेसह आणि प्रकल्पाचं नाव लिहून हवं. फोटोंबद्दलचं कलमही घाला: मुलांचे फोटो पालकांच्या संमतीशिवाय वापरायचे नाहीत, हे दोन्ही बाजूंनी मान्य करावं.

पैसे आल्यानंतर

चेक आला की संस्था कामाला लागते आणि कंपनीला विसरते. इथून पुढचे दहा महिने नात्याचे असतात.

दर तीन महिन्यांनी एक पान पाठवा. एकच. वर तीन आकडे, खाली ठरलेलं काम आणि झालेलं काम, त्याखाली अडचण आणि तिच्यावर काय केलं, शेवटी खर्च. सोबत दोन फोटो. अधिकारी हे पान तसंच्या तसं आपल्या सादरीकरणात टाकू शकला पाहिजे. वीस पानांचा रंगीत अहवाल कुणी उघडत नाही.

वाईट बातमी ईमेलने कळवू नका. त्याच दिवशी फोन करा. बोअरला पाणी लागलं नाही, कंत्राटदार पळाला, गावात दोन गट पडले, असं होणारच. फोन साधारण असा असावा: ‘सर, तिसऱ्या ठिकाणची बोअर कोरडी गेली. भूजलवाल्यांचा सल्ला घेतोय. माझ्यापुढे दोन पर्याय आहेत, शुक्रवारपर्यंत तुम्हाला लिहून पाठवते.’ समोरच्याला राग येईल, पण हीच बातमी त्याला तीन महिन्यांनी दुसऱ्याकडून कळली, तर तो पुन्हा तुमच्या बाजूने कधीच बोलणार नाही.

लेखा विभागातल्या माणसाची ओळख ठेवा. दिवाळीला फराळाचा डबा नाही दिला तरी चालेल, पण त्याने मागितलेलं विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या टेबलावर हवं.

भेटीचा दिवस

कंपनीचे लोक गावात येतात त्या दिवशी सगळ्यात जास्त घडतं आणि सगळ्यात जास्त बिघडतंही.

तारीख ठरवताना पाड्याचं वर्ष बघा. भातकापणी उरकली की पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवरची बरीच कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. जानेवारीत साहेबांना घेऊन गेलात तर घरांना कुलपं आणि ओट्यावर म्हातारी माणसं भेटतील. कंपनीला वाटेल, इथे माणसंच नाहीत, मग टाकी कोणासाठी? हे स्थलांतर आधी समजावून सांगा. पाण्याच्या कामाला मे महिन्यातली भेट सर्वांत बोलकी असते. ऊन लागेल, पण एक गाव टँकरची वाट बघतंय आणि शेजारच्या पाड्यावर नळाला पाणी आहे, हे एकाच दुपारी डोळ्यांनी दिसतं. सावळघाट ओलांडून जायचं असल्यामुळे सकाळी साडेसहाला निघा.

कार्यक्रम कमी ठेवा. हार-तुरे, शाल-श्रीफळ, स्वागतगीत यांत दीड तास जातो आणि पाणी समितीतल्या बायकांना बोलायला पाच मिनिटंही उरत नाहीत. उलट करा. आधी विहिरीपर्यंत सगळे चालत जा. तिथे समितीतल्या एखाद्या ताईंना वही उघडू द्या: कोणाची पाणीपट्टी आली, कोणाची राहिली, पंपाच्या दुरुस्तीला किती शिल्लक आहे. घरामागे महिन्याला काही रुपये गोळा करून बायकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली ती वही प्लांट हेडला भाषणापेक्षा जास्त पटते, कारण तो स्वतः रोज मेंटेनन्सच्या खर्चावर डोकं खपवत असतो.

एका गोष्टीवर मात्र ठाम राहा. पाहुणे उशिरा येणार म्हणून मुलांना उन्हात रांगेत उभं करायचं नाही आणि त्यांचं जेवण थांबवायचं नाही. घरांच्या भिंतींवर कंपनीचे लोगो रंगवायचे नाहीत. हे पहिल्या वर्षी नम्रपणे सांगितलं की चांगली कंपनी ऐकते आणि मान देते.

कामगारांनाही बोलवा. शनिवारी एखाद्या शिफ्टचे आठ-दहा जण आले आणि पाइप जोडायला, वायरिंग तपासायला बसले, तर ते सोमवारी कॅन्टीनमध्ये बोलतात. प्लांटमध्ये तुमच्या कामाची चर्चा अशी पसरते. त्यांना झाडू देऊन फोटो काढण्यापेक्षा त्यांच्या हातातलं कौशल्य वापरा.

माणूस बदलला तर

प्लांट हेडची बदली होते, एचआर मॅनेजर दुसऱ्या कंपनीत जातात. नातं एकाच माणसावर उभं असेल तर ते त्याच्याबरोबर जातं. म्हणून पहिल्यापासून तीन जण ओळखीचे ठेवा: निर्णय घेणारा, हिशेब बघणारा आणि गावात येऊन गेलेला एखादा इंजिनीअर. बदलीची कुणकुण लागताच दोन पानांचं टिपण तयार करा: काय ठरलं होतं, कुठवर आलो, किती पैसे आले, काय बाकी आहे. जाणाऱ्या साहेबांना विनंती करा की नव्या साहेबांची ओळख त्यांनीच करून द्यावी. नव्या माणसाला जुन्याची स्तुती ऐकवू नका. त्याला गावात घेऊन जा.

मंदीचाही विचार करून ठेवा. नाशिकचा बराच उद्योग वाहनांच्या सुट्या भागांवर चालतो. सीएसआरची रक्कम तीन वर्षांच्या सरासरीवर ठरते, त्यामुळे एका वाईट वर्षाचा फटका लगेच पूर्ण बसत नाही, पण हळूहळू बसतो. एकाच कंपनीवर संस्थेचा निम्म्याहून जास्त खर्च अवलंबून असेल, तर दुसरी कंपनी आत्ताच शोधायला लागा. २०२७ च्या सिंहस्थामुळे गोदावरी, स्वच्छता, आरोग्यसेवा यांकडे निधी वळण्याची शक्यता धरून चला. डोंगराकडच्या कामाचे करार त्याआधीच पक्के करून घ्या.

पुढच्या वर्षाची बोलणी

ही बोलणी मार्चमध्ये करू नका. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, दिवाळीनंतरची गडबड ओसरली की भेट मागा. तेव्हा पुढच्या वर्षाच्या बजेटचा विचार सुरू होतो आणि तुमच्या माणसाला आकडे हवे असतात. सोबत तीन कागद न्या: वर्षभराचा एकपानी गोषवारा, पुढच्या वर्षाचा खर्च आणि कंपनीने हळूहळू कसं बाहेर पडायचं याचा आराखडा. तिसरा कागद बघून समोरचा माणूस चकित होतो. तिसऱ्या वर्षी देखभालीचा किती वाटा पाणीपट्टीतून निघेल, किती ग्रामपंचायत उचलेल, कंपनीकडे काय उरेल, हे त्यात लिहा. जी संस्था आपल्याला कायमचं बांधून ठेवणार नाही, तिच्याबरोबर पुढच्या पाड्यावर जायला कंपनी तयार होते.

त्या भेटीतून निघताना पुढच्या मे महिन्यातल्या गावभेटीची तारीख त्यांच्या कॅलेंडरमध्ये टाकून घ्या, आणि परतताना समितीच्या अध्यक्ष ताईंना फोन करून ती सांगा. त्यांनाही त्या दिवशी दिंडोरीच्या बागेतून सुट्टी काढावी लागणार असते.